‘नको’ आणि ‘मस्ट नॉट’

कर्तव्य कळणें ही एक गोष्ट व तें परभाषेंत नीट सांगतां येणें ही दुसरी. आपल्या विटें गांवांतून व खानापूर तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठीं अनेक कुटुंबें दूरच्या प्रांतीं गेलीं आहेत. अशा एखाद्या घरांतील मुलगा वडिलांच्या सांगण्यावरून एका व्यापाऱ्यास इंग्रजी पत्र लिहीत आहे, असें समजा. वडील सांगतात, “आपण येथवर यावयास नको, माल आम्हीच पोंचवूं.” मुलगा लिहितो, ‘यू मस्ट नॉट कम.’ व्यापारी त्याचा अर्थ घेतो, “खबरदार, येऊं नका!” आदराचें वाक्य अपमानाचें झालें!

चूक कोठें झाली? मराठींतील ‘नको’ हा शब्द ‘गरज नाहीं’ व ‘मनाई आहे’ असे दोन्ही अर्थ दाखवितो. इंग्रजींत हे मार्ग निराळे आहेत. मनाई असेल तर ‘मस्ट नॉट’; गरज नसेल तर ‘नीड नॉट’ किंवा ‘डू नॉट हॅव टू’. म्हणून येथें ‘यू नीड नॉट कम’ हेंच योग्य.

होकारार्थी वाक्यांतही असाच भेद आहे. ‘आय मस्ट स्टडी’ म्हणजे मीं अभ्यास केलाच पाहिजे. येथें बहुधा बोलणाराचा स्वतःचा निश्चय असतो. ‘आय हॅव टू स्टडी’ म्हणजे मला अभ्यास करावा लागतो. येथें बहुधा बाहेरची सक्ती असते. ‘शुड’ हें सल्ल्याचें, आपल्या विध्यर्थी ‘करावा’सारखें. ‘ऑट टू’ यांत नीतीचा भाव अधिक. ‘ऑट’ हें मूळचें ‘ओ’, म्हणजे देणें लागणें, या क्रियापदाचें जुनें भूतकाळी रूप होय. आपणही कर्तव्यास ऋण म्हणतों, हें साम्य लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

सक्तीच्या अर्थीं ‘मस्ट’चें काम भूतकाळांत ‘हॅड टू’ करितें. ‘आय हॅड टू गो’ म्हणजे मला जावें लागलें. अर्थात् मी गेलों. ‘आय शुड हॅव गॉन’ म्हणजे मीं जावयास पाहिजे होतें. अर्थात् मी गेलों नाहीं. पहिल्यांत सक्ति आहे, दुसऱ्यांत पश्चात्ताप.

रचनेचीही सावधगिरी हवी. मराठींत ‘मला’ जावें लागतें, परंतु इंग्रजींत कर्ता ‘आय’ असाच राहतो. ‘मस्ट’ व ‘शुड’ यांपुढें ‘टू’ येत नाहीं. ‘ऑट’पुढें मात्र येतो. ‘ही’ हा कर्ता असतांही ‘मस्ट’ला ‘एस्’ लागत नाहीं.

आतां हीं वाक्यें इंग्रजींत करून पाहा:
१. माग बंद पडतां कामा नये.
२. उद्यां शाळेंत यावयाचें कारण नाहीं.
३. वडिलांस पहांटे उठावें लागतें.
४. मीं काल पत्र लिहावयास पाहिजे होतें.

पालकांस विनंती एवढीच कीं, मुलानें चार उत्तरें आणिलीं म्हणजे प्रत्येकाचा मराठी अर्थ त्याच्या तोंडून वदवून घ्यावा. ज्यास आपल्या भाषेंतील भेद सांगतां येतो, त्यास परक्या भाषेंतील भेद जड जात नाहीं.