यकृतपेशीतील दोन शेजारी जनुके

यकृताच्या पेशीत आणि त्वचेच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तरीही रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच तयार करते. कोणत्या पेशीत कोणते जनुक कार्यरत व्हावे, हे नियामक प्रथिने ठरवितात.

अल्ब्युमिन व अल्फा-फीटोप्रोटीन यांची जनुके मानवाच्या ४ थ्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. एचएनएफ-१ हे सक्रियक प्रथिन डीएनएवरील ठरावीक जागी जोडले जाते व त्यामुळे जनुकावरून आरएनए तयार होण्यास चालना मिळते. गर्भाचे यकृत ही दोन्ही प्रथिने विपुल बनविते. जन्मानंतर मात्र झेडबीटीबी-२० हे दमनक प्रथिन अल्फा-फीटोप्रोटीनच्या जनुकाला आवर घालते. उंदरांच्या यकृतातून हे दमनक काढून टाकले असता प्रौढ वयातही ते जनुक कार्यरत राहिल्याचे प्रयोगांत दिसले. अल्ब्युमिनचे जनुक मात्र आयुष्यभर चालू राहते.

यकृताच्या कर्करोगात पुष्कळदा हा आवर सुटतो आणि अल्फा-फीटोप्रोटीन रक्तात पुन्हा वाढते. म्हणूनच डॉक्टर ‘एएफपी’ ही रक्ततपासणी सांगतात. तथापि गर्भारपणात व यकृताच्या दाहातही ते वाढू शकते आणि काही कर्करोगांत वाढतही नाही. त्यामुळे केवळ आकड्यावरून निदान होत नाही, सोनोग्राफीसारख्या तपासण्यांची जोड लागते. हिपॅटायटिस-बी किंवा यकृत सिऱ्हॉसिस असलेल्यांनी त्रास नसतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित तपासणी करून घ्यावी. सुरू होणे जितके आवश्यक, तितकेच वेळेवर थांबणेही, हाच पेशीच्या आरोग्याचा नियम आहे.