'सुहैली' : एका लांकडी नौकेचें जतन

जुनी व मोलाची वस्तु जपावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें? ती कुलुपांत ठेवावयाची, कीं हातीं धरून वापरावयाची? या प्रश्नाचें उत्तर 'सुहैली' नांवाच्या एका लहानशा शिडाच्या नौकेच्या चरित्रांत सांपडतें. आणि ही नौका आपल्या मुंबईची लेक असल्यामुळें तें चरित्र आपणांस ठाऊक असावयास हवें.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजांवरील एक तरुण इंग्रज अधिकारी. त्यांनीं मुंबईस कुलाब्यांत ही नौका बांधवून घेतली. तिचा घाट नॉर्वे देशांतील जुन्या बचावनौकांवरून घेतलेला होता. तिचीं दोन्ही टोकें निमुळतीं, लांबी सुमारें ३२ फूट आणि डोलकाठ्या दोन. लांकूड मात्र आपलें सागवान, आणि कारागीरही आपलेच. वाकसानें फळ्या तासाव्या आणि दोरीच्या सामत्यानें भोकें पाडावीं, अशा पिढीजात रीतीनें त्यांनीं ती सिद्ध केली. १९६४ सालीं ती पाण्यांत उतरली. अरबी खलाशी आग्नेयेकडील वाऱ्यास 'सुहैली' म्हणत. तेंच नांव तिला मिळालें. १९६५ च्या अखेरीस तिनें मुंबईचा किनारा सोडला व आफ्रिकेला वळसा घालून १९६७ सालीं ती इंग्लंडला पोंचली.

पुढें १९६८ सालीं 'संडे टाइम्स' या वृत्तपत्रानें, एकट्यानें व कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली. नऊ जण निघाले. १४ जून १९६८ रोजीं फालमथ बंदरांतून 'सुहैली' निघाली, तेव्हां नॉक्स-जॉन्स्टन यांचें वय अवघें २९ होतें.

अटलांटिक महासागरांतच संकट आलें. पाण्याखालील फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आंत येऊं लागलें. परत फिरावें, तर सर्व मनोरथ बुडाले. पुढें जावें, तर नौकाच बुडावयाची! तेव्हां त्यांनीं समुद्रांत बुडी घेतली. श्वास पुरेल तेवढा वेळ खालीं राहावें, सांध्यांत कापूस ठासावा आणि पुन्हां वर यावें, असा क्रम चालला. अखेर त्यावर तांब्याची पट्टी ठोकून त्यांनीं गळती थांबविली. काम चालू असतां एक शार्क मासा घिरट्या घालूं लागला. त्याला बंदुकीनें मारून त्यांनीं काम पुरें केलें. पुढें वादळांनीं नौकेला आडवें पाडलें, सुकाणू आपोआप संभाळणारें यंत्र मोडलें, बिनतारी संदेशयंत्र बंद पडलें. तरीही ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, 'सुहैली' फालमथला परतली. नवांपैकीं स्पर्धा पुरी करणारी ती एकटीच. डोनाल्ड क्रोहर्स्ट नांवाचे एक स्पर्धक समुद्रांत नाहींसे झाले होते. त्यांच्या कुटुंबाला विजेत्यानें आपलें पांच हजार पौंडांचें पारितोषिक देऊन टाकलें.

अशा नौकेचा सन्मान व्हावा हें योग्यच. १९९७ सालीं ती ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत गेली. तेथें ऊन नाहीं, वारा नाहीं, लाटांचा तडाखा नाहीं. परंतु ज्या समुद्रानें तिला मारलें नव्हतें, त्याच्या विरहानें ती झिजूं लागली! विहिरीवरची लांकडी बादली चार दिवस कोरडी राहिली, तर तिच्या फळ्यांमध्यें फटी पडतात, हें आपण ऐकलें असेल. नौकेचेंही तसेंच आहे. लांकूड पाणी पिऊन फुगतें आणि त्या फुगण्यानेंच सांधे घट्ट राहतात. संग्रहालयाच्या कोरड्या हवेंत 'सुहैली'च्या फळ्या आंखडूं लागल्या. हें पाहून नॉक्स-जॉन्स्टन यांनीं २००२ सालीं तिला तेथून बाहेर काढलें.

मग दुरुस्तीचें दीर्घ काम चाललें. लांकूड बांधणारे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यानें गंजले होते. ते काढून त्यांच्या जागीं कांशाचे बसविणें हें त्यांतील मोठें काम. उतारवयांतही नॉक्स-जॉन्स्टन यांनीं स्वतः हातीं अवजारें धरलीं. जून २०१८ मध्यें, पहिल्या प्रस्थानाला ५० वर्षें झालीं तेव्हां, 'सुहैली' फालमथच्या पाण्यांत शिडें उभारून पुन्हां मिरवली. त्याच वर्षीं भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी हे गोव्यांत 'सुहैली'च्या घाटावर बांधलेली 'तुरीया' ही नौका घेऊन तशाच प्रदक्षिणेला निघाले. हिंदी महासागरांतील वादळांत तिची डोलकाठी मोडली व ते जबर जखमी झाले. परंतु त्यांचे प्राण वांचले. नौका जुनी असो वा नवी, सागर कोणाची भीड धरीत नाहीं.

बाळांनो, कोंकणांतील कोळी पावसाळ्यांत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो. पण पुन्हां समुद्रांत लोटण्यापूर्वीं तिला तेल लावतो, सांधे तपासतो. होडी हें त्याच्या घरचें पोट असतें, म्हणून ही निगा तो चुकवीत नाहीं. संग्रहालयांचें काम थोर आहे; त्यांच्यावांचून कितीएक वस्तु केव्हांच नष्ट झाल्या असत्या. परंतु कांहीं वस्तूंचा प्राण त्यांच्या कार्यांतच असतो. आपली भाषा, वडिलांकडून आलेलें कसब आणि शाळेंत मिळविलेली विद्या हीं त्यांपैकींच होत. तीं कपाटांत राहिलीं, तर सुकून त्यांना फटी पडतील. रोज पाण्यांत उतरविलीं आणि रोज त्यांची निगा राखिली, तर मात्र दूरच्या प्रवासांतही तीं आपणांस तारतील.