नांगरलेल्या होडीचा दिवा

शीड उतरवून खाडीत नांगर टाकलेली छोटी होडी दिवसा दुरूनही सहज ओळखू येते. सूर्य मावळला की तीच होडी काळ्या पाण्यावरील काळा ठिपका होऊन जाते. चालत्या होडीला समोरून येणाऱ्या नौकेला वाट करून देता येते. नांगरलेल्या होडीला ती सोय नसते. तिच्यावरील माणसे बहुधा दिवसभराच्या श्रमाने झोपी गेलेली असतात. अशा वेळी होडीचे आणि माणसांचे रक्षण करण्याचा भार डोलकाठीजवळ टांगलेल्या एका पांढऱ्या दिव्यावर असतो.

मोठ्या नौकांवर हा दिवा कायमचा बसविलेला असतो. पाच-सहा मीटर लांबीच्या शिडाच्या होडीवर मात्र पुष्कळदा विजेची जोडणीच नसते. तिच्यावरील नाविकाला नांगर टाकल्यावर टांगावयाचा आणि सकाळी उतरवून ठेवावयाचा तात्पुरता दिवा निवडावा लागतो. येथे ‘तात्पुरता’ हे विशेषण फक्त दिव्याच्या बांधणीला लागू आहे. त्याचे काम कायम बसविलेल्या दिव्याइतकेच चोख असावयास हवे.

नियम काय सांगतो?

समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी 1972 साली आंतरराष्ट्रीय नियमावली तयार झाली आणि 15 जुलै 1977 पासून ती अंमलात आली. तिच्या तिसाव्या नियमानुसार 50 मीटरपेक्षा कमी लांबीच्या नांगरलेल्या नौकेने, जेथून उत्तम दिसेल अशा जागी, चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा लावला तरी चालतो. तो सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, तसेच धुके किंवा मुसळधार पाऊस यांमुळे दृष्टी मंदावली असता दिवसाही, लावावयाचा असतो. लहान नौकांच्या या दिव्याचा पल्ला किमान दोन सागरी मैल, म्हणजे सुमारे 3.7 किलोमीटर असावा लागतो. दिवसा दिव्याऐवजी एक काळा गोल उंचावर दाखवावयाचा असतो.

सात मीटरपेक्षा लहान होडीला या नियमात सवलत आहे, आणि तिचा बऱ्याचदा चुकीचा अर्थ लावला जातो. ही सवलत सरसकट नाही. अरुंद जलमार्ग, नौकांचा नेहमीचा रस्ता, नांगरवाडा किंवा इतर नौकांची ये-जा असलेली जागा यांपासून होडी दूर असेल तरच दिवा न लावण्याची मुभा मिळते. कोकणातील खाड्या पाहिल्या म्हणजे या अटीचे महत्त्व पटते. धरमतरच्या खाडीतून मालवाहू बार्जेस ये-जा करतात. वाशिष्ठीच्या मुखाजवळ दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान वाहने नेणारी फेरीबोट चालते. मासेमारीच्या यांत्रिक नौका पहाटेच्या अंधारात खाड्यांतून बाहेर पडतात. वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून लहान होडी ज्या जागा शोधते, त्या बहुधा याच असतात. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर लहान होडीनेही दिवा लावावयाचाच आहे, असे धरून चालणे शहाणपणाचे होय.

दोन मैलांचा हिशेब

ताशी आठ सागरी मैल वेगाने येणारी यांत्रिक नौका दोन मैलांचे अंतर पंधरा मिनिटांत कापते. तेवढ्या अवधीत तांडेलाला दिवा दिसतो, तो हलत नाही हे ध्यानात येते आणि सुकाणू वळविण्यास पुरेसा वेळ उरतो. आता एखादा मिणमिणता दिवा तीनशे मीटरवरूनच दिसत असेल असे समजू. त्याच नौकेला होडीपर्यंत पोहोचण्यास सव्वा मिनिटही लागत नाही. ताशी चोवीस मैल वेगाने धावणाऱ्या स्पीडबोटीला तर जेमतेम चोवीस सेकंद पुरतात. तेवढ्यात तिच्या चालकाचे लक्ष दुसरीकडे असले, तर अपघात अटळ ठरतो.

पल्ला दुप्पट करावयाचा तर प्रकाशही दुप्पट केला की झाले, असा समज असतो. तो खरा नाही. अंतर वाढते तसा प्रकाश विखुरतो आणि हवेतील बाष्पही त्याचा काही भाग शोषून घेते. नियमावलीच्या परिशिष्टाप्रमाणे एक मैल पल्ल्यासाठी 0.9 कँडेला तीव्रता पुरते. दोन मैलांसाठी मात्र 4.3 कँडेला लागते. म्हणजे दुप्पट अंतरासाठी जवळजवळ पाचपट प्रकाश हवा.

बाजारातील दिव्यांच्या वेष्टनावर कँडेलाऐवजी ल्युमेनचा आकडा असतो. सर्व दिशांना सारखा प्रकाश देणाऱ्या दिव्यातून 4.3 कँडेला मिळण्यास सुमारे 54 ल्युमेन लागतात. काचेवरील क्षार आणि उतरत चाललेली बॅटरी यांची तूट धरता शंभर ल्युमेनच्या आसपासचा दिवा घेणे इष्ट. परंतु केवळ आकड्यावर विसंबू नये. ज्या दिव्याला वरून छत्री आहे आणि ज्याचा झोत खाली पडतो, तो दोनशे ल्युमेनचा असला तरी क्षितिजाच्या दिशेने त्याचा उजेड नगण्य असतो. असा दिवा होडीची फळी उजळतो. दुरून येणाऱ्या तांडेलाला त्याचा उपयोग नाही.

कोणता दिवा निवडावा?

रॉकेलचा कंदील हा पूर्वापार चालत आलेला तात्पुरता दिवा होय. त्याला तारा लागत नाहीत आणि प्रकाश चहूकडे पडतो. पण वात नीट कापलेली आणि काच स्वच्छ असेल तोवरच तो उपयोगी. वाऱ्याच्या झोतात काजळी धरते आणि मध्यरात्रीनंतर पल्ला घटत जातो. कंदील कलंडल्यास आगीचे भय आहे ते वेगळेच.

तारेने बॅटरीला जोडलेला साधा बल्ब भरपूर उजेड देतो, पण वीजही भरपूर खातो. दहा वॅटचा बल्ब बारा व्होल्टच्या बॅटरीवर तासाला सुमारे 0.83 अँपिअर-तास खर्च करतो. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरची रात्र जवळजवळ तेरा तासांची असते. तेवढ्या वेळात सुमारे 11 अँपिअर-तास जातात. वीस अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा अर्ध्याहून अधिक साठा झाला. दोन वॅटच्या एल.ई.डी. दिव्याला त्याच रात्रीसाठी सव्वादोन अँपिअर-तासही लागत नाहीत. म्हणून आज छोट्या होडीसाठी जलरोधक, चहूबाजूंनी प्रकाश देणारा एल.ई.डी. दिवा सर्वांत सोयीचा ठरतो. तो होडीच्या बॅटरीवर चालणारा असो वा स्वतःच्या सेलवर, पूर्ण रात्र एकसारखा तेवत राहिला पाहिजे. नाविक संध्याकाळी किनाऱ्यावर जाणार असेल तर अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा उपयोगी पडतो.

बागेत लावण्याचे स्वस्त सौरदिवे मात्र या कामासाठी घेऊ नयेत. त्यांचा उजेड मंद असतो आणि ढगाळ दिवसानंतर ते मध्यरात्रीपूर्वीच विझतात. लुकलुकणारा दिवाही टाळावा, कारण तो बोयऱ्याचा दिवा समजला जाण्याचा संभव असतो. रंगीत दिव्यांना नियमावलीत वेगळे अर्थ आहेत. एकाखाली एक दोन लाल दिवे म्हणजे नौका नियंत्रणाबाहेर गेली आहे. पांढऱ्यावर हिरवा म्हणजे ती ट्रॉलर जाळे ओढीत आहे. शोभेसाठी रंगीत दिव्यांची माळ लावणारा नाविक नकळत खोटी खूण दाखवीत असतो.

टांगावा कोठे?

दिवा जितका उंच तितका चांगला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः दिवा पाण्यापासून दोन मीटर आणि पाहणाऱ्याचा डोळा एक मीटर उंचीवर असला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारा अडथळा सुमारे पाच मैलांपर्यंत आड येत नाही. दोन मैलांसाठी डोलकाठीच्या शेंड्याची गरज नाही. उलट, लहान नौकेतून जवळ येणारा माणूस समोर पाण्याच्या पातळीवर पाहत असतो. दहा मीटर उंचीवरील दिवा त्याच्या नजरेच्या वर राहतो, आणि गावातील दिव्यांत किंवा ताऱ्यांत मिसळून जातो. होडीच्या फळीपासून दीड-दोन मीटर उंचीवर टांगलेला दिवा नजरेच्या टप्प्यात राहतो, आणि त्याचा थोडा उजेड होडीवर पडून तिचा आकारही दिसतो. मोठी लाट असलेल्या उघड्या जागी मात्र तो काहीसा अधिक उंच बांधावा.

दिव्याची उत्तम जागा होडीच्या पुढच्या भागी, डोलकाठीपासून नाळेकडे ताणलेल्या दोरावर असते. डोलकाठीला अगदी चिकटून दिवा टांगू नये. दहा सेंटिमीटर जाडीच्या डोलकाठीपासून दिवा तीस सेंटिमीटरवर असला, तर काठीची सावली सुमारे एकोणीस अंशांचा टापू झाकते. तीनशे मीटर अंतरावर हा अंधारा पट्टा शंभर मीटर रुंद होतो. दिवा एक मीटर पुढे नेला की तोच टापू सहा अंशांच्या आत येतो. भरती-ओहोटीबरोबर दर सहा तासांनी होडी नांगराभोवती फिरते आणि तिच्यासोबत ही सावलीही फिरते. संध्याकाळी किनाऱ्याकडे असलेला अंधारा पट्टा पहाटे नेमका नौकांच्या वाटेवर येऊ शकतो. दिव्याच्या तळाला दुसरी दोरी बांधून ती खाली ताणावी, म्हणजे तो वाऱ्याने हेलकावत नाही.

किनाऱ्यावरची परीक्षा

दिवा विकत घेतल्यावर त्याची परीक्षा समुद्रावर जाण्यापूर्वीच घ्यावी. निरभ्र रात्री तो खाडीच्या एका काठावर दोन मीटर उंचीवर टांगावा आणि सुमारे पावणेचार किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या ठिकाणाहून साध्या डोळ्यांनी पाहावा. दिवा फिरवून सर्व बाजूंनी तो सारखा दिसतो की नाही हेही तपासावे. त्यानंतर संध्याकाळी लावून तो उजाडेपर्यंत तसाच ठेवावा आणि पहाटे पुन्हा पाहावा. संध्याकाळी उत्तम आणि पहाटे निस्तेज असा दिवा नापास समजावा, कारण मासेमारीच्या नौका निघतात ती हीच वेळ होय. शिवाय एक विजेरी आणि सेलचा जादा संच होडीत कोरडा राहील असा ठेवावा. ज्या बंदरात नांगर टाकावयाचा तेथील स्थानिक नियम बंदर अधिकाऱ्यांकडून समजून घेणेही अगत्याचे आहे.

दिव्याची किंमत होडीच्या किमतीच्या मानाने अल्प असते. तो आपल्याला किती उजेड देतो यापेक्षा, अंधारातून येणाऱ्या अनोळखी तांडेलाला तो किती दुरून आणि किती वाजेपर्यंत दिसतो, हा निवडीचा खरा निकष आहे. या निकषाला उतरलेला दिवा टांगून झोपलेला नाविक स्वतःबरोबरच येणाऱ्या नौकेवरील माणसांचेही रक्षण करीत असतो.