उक्षी

फाल्गुन सरत आला, की सह्याद्रीच्या पायथ्याची रानवाट तापू लागते. ओढे आटतात, पाणवठ्यांच्या जागी भेगाळलेला चिखल उरतो. अशा वेळी तहानलेला गुराखी झाडांकडे पाहू लागतो. त्याची नजर उक्षीची वेल शोधीत असते.

उक्षी ही आपल्या रानांतील मूळची रहिवासी. उघड्या जागी ती झुडपासारखी पसरते. जवळ मोठा वृक्ष असला, म्हणजे त्याच्या आधाराने उंच चढते. तिला काकडीच्या वेलीसारखे तणावे नसतात. आपल्या लवचीक फांद्यांनीच ती आधार धरते. म्हणून तिला आरोही झुडूप म्हणतात. तिची पाने समोरासमोर जोडीने येतात व त्यांच्या खालच्या अंगास तांबूस लव असते. हिरडा, बेहडा व ऐन हे वृक्ष तिचे सगोत्र होत.

उक्षीच्या फुलाला पाकळ्या नसतात. असतात ती 5 फिकट हिरवी निदले आणि 10 पुंकेसर. फळ धरल्यावर ही निदले गळत नाहीत; उलट वाढतात, कागदासारखी पातळ होतात आणि फळाचे पंख बनतात. मग वारा सुटला, की फळे भिरभिरत दूर जाऊन पडतात. अशा रीतीने पावसापूर्वीच बीजे नव्या भूमीवर पोहोचतात.

आता तिच्या पाण्याविषयी. मुळांनी शोषलेले पाणी खोडातील रुंद वाहिन्यांतून वर चढत असते. जाणता माणूस पहिला घाव उंचावर घालतो व दुसरा खाली. पाण्याने भरलेल्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून धरले, तर खालून पाणी गळत नाही. बोट काढताच ते वाहू लागते. वरचा घाव हे त्या बोट काढण्यासारखेच आहे.

परंतु मुलांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. सर्वच वेलींचे पाणी पिण्याजोगे नसते. काही विषारीही असतात. शिवाय, जी वेल वाढण्यास अनेक वर्षे लागली, तिचा वरचा सारा विस्तार दोन घावांनी वाळून जातो. म्हणूनच शहाणा गुराखी केवळ गंमत म्हणून कोयता उगारीत नाही. घोटभर पाण्याचे मोल त्याला ठाऊक असते, आणि वेलीचेही.

स्वाध्याय
1. उक्षीला आरोही झुडूप का म्हणतात?
2. उक्षीच्या फळाला पंख कसे येतात?
3. शहाणा गुराखी उक्षीवर उगाच कोयता का उगारीत नाही?