कॅमेरा घेतेस ना, मग आधी वजन बघ

अगं, एकशेवीसच्या रोलचा कॅमेरा घ्यायचं ठरवलंयस, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो मामिया आरबी ६७ नको. कॅमेरा उत्तमच आहे, निगेटिव्ह मोठी, एका रोलवर दहा फोटो. पण लेन्ससकट तो अडीच किलोच्या वर जातो आणि त्याला दणकट स्टँडही लागतो. तुला जायचंय परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची देवळं टिपायला आणि धारासूरच्या गुप्तेश्वराच्या बाहेरच्या मूर्तींपुढे उभं राहायला. तेही एसटीने, बहुतेक एकटीने. दोनदा नेशील, मग तो कपाटात जाईल.

तू दोन भिंगांचा घे. यशिका मॅट १२४ जी बघ, किलोभराचा आहे. चौकोनी फोटो, रोलमागे बारा. छायाचित्रकार होमाई व्यारावाला साडी नेसून, खांद्याला रोलीफ्लेक्स लावून दिल्लीभर फिरल्या, तोही याच जातीचा कॅमेरा. यात मान खाली घालून बघायचं असतं. बाजारात बायकांचे फोटो काढताना त्याचा फार उपयोग होतो. डोळ्याला कॅमेरा लावून कुणावर रोखला की माणूस अवघडतो, इथे तसं होत नाही. डावं-उजवं उलटं दिसतं तेवढं, पण त्याची सवय होते.

घेताना मागचं झाकण उघडून शटर एका सेकंदावर लाव आणि कान देऊन ऐक. संथ वेगांवर ते अडकत असेल तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव कर. भिंगातून टॉर्च मारून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सरळ परत दे. आतला उजेड मोजायचा मीटर चालत नाही म्हणून मात्र सोडू नकोस. त्याचा पाऱ्याचा सेल आता बनतच नाही, मोबाइलवरच्या मीटरने काम भागतं. आणि रिकामी रीळ मागून घे. तिच्याशिवाय पहिला रोल चढवताच येणार नाही. पुढे प्रत्येक रोल संपला की सुटणारी रीळ पुढच्याला लागते, ती टाकू नकोस.

आता पिशवी. कॅमेऱ्याचं जुनं चामड्याचं कव्हर दिसायला देखणं, पण पावसाळ्यात ओल धरतं आणि बुरशी भिंगावर चढते. ते बाजूला ठेव. साधी जाड कापडी पिशवी घे, आत फोम, बाहेरून कॅमेऱ्याची आहे हे कळू नये अशी. पट्टा रुंद सुती, एका खांद्यावरून आडवा. ओढणी मात्र नीट खोचून घे. बघायचं भिंग वर आणि फोटो काढणारं खाली, त्यामुळे ओढणीचं टोक खालच्या भिंगासमोर आलं तरी तुला वर काहीच दिसत नाही. ते थेट निगेटिव्हवरच कळतं. भिंगावर हूड लाव, आपल्याकडच्या उन्हात जुन्या भिंगांना ते हवंच. केबल रिलीज खिशात मावते, ती असू दे; देवळाच्या आत अंधार असतो, तिथे संथ वेगावर बटण दाबताना कॅमेरा हलायला नको.

रोल फ्रीजमध्ये ठेव आणि निघायच्या तासभर आधी बाहेर काढ, नाहीतर दव धरतं. चढवायचा-उतरवायचा सावलीत, आणि संपलेल्या रोलचा कागद घट्ट ताणून चिकटव. सैल राहिला तर कडेने उजेड शिरतो.

पहिला रोल कृष्णधवलच घे, चारशे आयएसओचा. रंगीत रोल धुवायला मुंबई-पुण्याला पाठवावा लागेल. कृष्णधवल घरी धुता येतो, फक्त पाणी वीस अंशांच्या आसपास हवं. परभणीत मे महिन्यात नळालाच गरम पाणी येतं, तेव्हा बर्फाची तयारी ठेव आणि थर्मामीटरशिवाय हात घालू नकोस.

केमिकल लगेच विकत घेऊ नकोस. माझ्याकडे आहे, पहिला रोल घेऊन ये, दोघी मिळून धुऊ.