ज्वारीचे वाण आणि शेतकरी महिलांची पसंती

प्रश्न : ज्वारीचे नवे वाण तयार करताना शेतकरी महिलांचे मत का आणि कसे घ्यावे?

उत्तर : काढणी, बियाणे राखणे, दळण, भाकरी आणि जनावरांचा चारा ही कामे बहुतांशी महिला करतात; त्यामुळे एकरी उताऱ्यात न दिसणारे गुणदोष त्यांना आधी कळतात. उदाहरणार्थ, खरिपातील अनेक संकरित वाणांनी उत्पादन वाढवले. पण पक्वतेच्या वेळी पाऊस झाल्यास दाणे काळे पडतात आणि भाकरीची प्रत घसरते. याउलट सोलापूर भागातील जुनी मालदांडी ज्वारी टपोरा, मोत्यासारखा दाणा, चवदार भाकरी आणि कडबा यांमुळे रब्बीत टिकून राहिली.

मत घेताना महिलांची बैठक स्वतंत्र ठेवावी. एकत्र बैठकीत त्या मोकळेपणाने बोलतातच असे नाही. पीक उभे असताना त्यांनी वाणांना क्रम द्यावा. नंतर प्रत्येक वाणाचे पीठ मळून पाहावे : थापताना भाकरी तुटते का, फुगते का, संध्याकाळपर्यंत मऊ राहते का. कडबा जनावरे आवडीने खातात का, हेही नोंदवावे. ही पाहणी वाण प्रसारित होण्यापूर्वी, निवडीच्या सुरुवातीच्या टप्प्यांतच व्हायला हवी. शेवटी फक्त होकार-नकार उरतो, वाण सुधारण्याची संधी निघून जाते.