पडलेल्या आजीला खाटेवर ठेवू नका

आमच्या वस्तीतल्या ६८ वर्षांच्या एक आजी गेल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झाले, वॉकर मिळाला आणि दहाव्या दिवशी त्या घरी आल्या. तीन आठवड्यांनी आम्ही भेटायला गेलो, तर वॉकर दाराआड उभा, त्यावर कपडे वाळत घातलेले. आजी खाटेवर पडून.

मुलगा म्हणाला, "सिस्टर, परत पडली तर? आम्ही दोघंही कामावर जातो. पडून आहे तीच बरी."

त्याच्या बोलण्यात आईची काळजीच होती. आणि दोष एकट्या त्याचा नाही. दवाखान्यात नोकरी करताना आम्हीही घाईगर्दीत "घरी नेऊन आराम द्या" एवढेच सांगून कितीतरी आजी-आजोबांना घरी पाठवले आहे. तो सल्ला अपुरा होता. म्हणून हा लेख.

हाडापेक्षा खाट जास्त घात करते

ऑपरेशननंतर हाड जुळत असते. पण म्हातारपणी दहा दिवस पडून राहिले तरी मांड्यांचे मांस उतरते. पाठीला, टाचांना जखमा होतात. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीवही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मरतात, आणि त्यात साठीपुढची माणसे सर्वांत जास्त.

आजींनी दुपारचे पाणीच बंद केले होते. खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं. कोणाला हाक मारू?" पाणी कमी पडले की लघवीला जळजळ होते, चक्कर येते, आणि चक्कर आली की माणूस पुन्हा पडतो.

मैत्रिणींनी वाट्याला घेतलेले काम

सून धुणीभांडी करते. तिने घरी बसायचे तर चार घरांची कामे जातात. तेव्हा आजींच्या तीन जुन्या मैत्रिणी पुढे आल्या. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. प्रत्येकीने अर्धाच तास द्यायचा. आम्ही त्यांना शिकवले ते असे:

१. ऑपरेशनच्या पायावर किती भार द्यायचा, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. बाकी सगळे त्यानंतर.

२. झोपल्या झोपल्या दोन्ही पावले वर-खाली हलवायची, दहा-पंधरा वेळा. जागेपणी दर तासाला.

३. हाताच्या खुर्चीवर बसवा. खुर्चीचे हात दाबून उठायचे, सावकाश बसायचे. पाच वेळा, दिवसातून तीनदा. मांड्यांना ताकद येते ती यानेच.

४. चालताना आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

५. मदत करणारीने दुखऱ्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे. हाताला किंवा काखेत धरून ओढू नये. कमरेला ओढणी घट्ट बांधून ती मागून धरावी.

६. खुब्याचा गोळा बदलला असेल तर मांडी घालून, उकिडवे किंवा पाटावर बसणे बंद. सार्वजनिक संडासात जाणे जमत नाही तोवर घरात कमोड खुर्ची ठेवावी.

पहिल्या दिवशी आजी दारापर्यंत गेल्या आणि रडल्या. दुखत होते, पण त्याहून भीती मोठी होती. मैत्रीण म्हणाली, "आज दारापर्यंत. उद्या नळापर्यंत." मुलाने सांगितले असते तर आजी रुसल्या असत्या. जिच्याबरोबर चाळीस वर्षे नळावर पाणी भरले, तिचे त्यांनी ऐकले.

खाण्यात रोज अंडे किंवा डाळ, नाचणीची भाकरी, परवडेल तेव्हा सुकट. सकाळचे ऊन. उभ्या उभ्या पडून हाड मोडले म्हणजे हाडे ठिसूळ झालेली असू शकतात. त्याचे औषध वेगळे असते, डॉक्टरांना जरूर विचारा.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

एका पोटरीला सूज आणि दुखणे, अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे, ताप, टाक्यांतून पू, खुब्यात एकाएकी कळ. डोक्याला मार लागला असेल तर वाढती डोकेदुखी, उलट्या, सारखी झोप किंवा बोलण्यात गोंधळ. हे कधीकधी काही आठवड्यांनीही दिसते. लगेच दवाखान्यात न्या.

आणि कोणी नुकतेच पडले असेल तर घाईने उठवू नका. पाय आखूड दिसला, बाहेरच्या बाजूला वळला, तर खुबा मोडला असे समजा. चोळणे नको, ओढणे नको. १०८ ला फोन करा.

पुन्हा पडू नये म्हणून

अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसायचे. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल तर गोळ्या स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगा. डोळे तपासा. मोरीत शेवाळ राहू देऊ नका, रात्री दिवा ठेवा, काठीचे रबरी बूच झिजले की बदला.

७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड निघते. गरीब ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठी, वॉकर मोफत मिळतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आजी तिसऱ्या महिन्यात काठी घेऊन विहारापर्यंत चालत आल्या. सगळ्या खाली बसल्या, आजी खुर्चीवर. मोरीत जायला त्या अजूनही भितात, म्हणून आंघोळीच्या वेळी मैत्रीण बाहेर उभी असते.

तुमच्या गल्लीतही कोणीतरी पडून असेल. या आठवड्यात त्यांच्या घरी जा. वॉकर कुठे ठेवला आहे ते बघा, आणि दिवसभरात पाणी किती प्यायले ते विचारा. मग तिघी-चौघी मिळून वेळ वाटून घ्या. अर्धा तास पुरतो.